आजोबांशी वाद घाला

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्यातलं कुणी बातमीदार होईल, कुणी बँकेत लागेल, कुणी यूट्यूबवर चॅनेल काढेल. माणसांशी बोलावं आणि माणसांबद्दल लिहावं सगळ्यांनाच लागेल. म्हणून आज म्हाताऱ्या माणसांविषयी बोलतो.

बासष्ट वर्षांची शेतकरी बाई रस्ता ओलांडताना पडली की बातमीत ती 'वृद्धा' होते. शरद पवार ऐंशी ओलांडूनही 'ज्येष्ठ नेते'च राहतात. म्हणजे आपण वय पाहत नाही, पत पाहतो. पालक आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं साठी गाठलेला प्रत्येकजण ज्येष्ठ नागरिक ठरतो. तिथं पत विचारलेली नाही.

म्हाताऱ्यांकडे बघण्याची दुसरी तऱ्हा कौतुकाची. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या, पाठीला दप्तर. फोटो जगभर फिरले. उपक्रम चांगलाच आहे. पण 'किती गोड!' म्हणून आपण फोटो पुढे ढकलला आणि प्रश्न तिथंच संपले. या बाईला लहानपणी शाळेत का घातलं नाही? आता अंगठ्याऐवजी सही कुठल्या कागदावर करायची आहे? सातबारावर तिचं नाव आहे का? 'बिचारी' म्हटल्यानं जे होतं, तेच 'गोड' म्हटल्यानंही होतं.

श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आजी नातवाला घेऊन बँकेत येते. पासबुक तिच्या पिशवीत, आकडा तिला तोंडपाठ. खिडकीतला माणूस मात्र नातवाला विचारतो, "किती काढायचेत?" उद्या त्या खिडकीत तुम्ही असाल. आजीकडे बघून विचारा. कमी ऐकू येत असेल तर समोरून, सावकाश बोला. वस्सकन ओरडू नका.

आता आपल्या सिद्धेश्वर धरणाचं. पूर्णा नदीवर वर येलदरी धरण, खाली हे, आणि इथून निघालेला कालवा. साठच्या दशकात ज्यांनी हे काम डोळ्यांदेखत पाहिलं, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. दरवाजे उघडले की आपण ड्रोन उडवतो आणि या माणसांना फार तर 'जुन्या आठवणी' विचारतो. त्यांना आजचं विचारा की! यंदाची पाणीपाळी शेवटच्या चारीपर्यंत पोचली का, सोयाबीनच्या भावाचं काय, मत कुणाला आणि का. उत्तर पटलं नाही तर वाद घाला. वय झालंय म्हणून मान डोलावून उठणं हाही अपमानच, फक्त नम्र.

आणि लिहाल तेव्हा 'गावातले एक आजोबा' असं लिहू नका. पूर्ण नाव विचारून घ्या, शुद्ध लिहा, आणि छापून आलं की अंक त्यांच्या घरी नेऊन द्या.