पिलाला दावे, पिंजरा की मोकळे अंगण?



गेल्या मार्गशीर्षात बहिणीच्या आखाड्यावरून कुत्र्याचे एक पिलू मी घरी आणले. आमच्या जवळा बाजारकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. तेथे कुस्त्या होत नाहीत, हे लांबच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. पिलू आठ-नऊ आठवड्यांचे, तांबूस, चारही पाय पांढरे. पुण्यातल्या पुतण्याला फोनवर ही बातमी कळली, तसा तो म्हणाला, "काका, आधी एक क्रेट घ्या. त्याशिवाय पिलाला वळण लागत नाही."

आता आमच्या बाजारात या शब्दाची वस्तू एकच. टमाटे भरायची प्लास्टिकची जाळीदार पेटी. तिला आम्ही कॅरेट म्हणतो. मी माळवेवाल्याकडून एक जुने कॅरेट मागून आणले आणि पुतण्याला तसे कळवले. तो पोट धरून हसला. मग त्याने समजावून दिले की शहरात लोखंडी जाळीचा, कडीच्या दाराचा पिंजरा मिळतो. पिलू त्यात निजते, घरधनी कामाला गेला म्हणजे त्यातच राहते, आणि त्यामुळे घरात घाण करीत नाही, चपला कुरतडत नाही.

ऐकून तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या बंद घरांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय? मलाही क्षणभर तसेच वाटले. पण जरा आपल्या अंगणात नजर टाका. पिलू आणले की पहिल्या रात्री आपण त्याला डाल्याखाली झाकतो. वर दगड ठेवतो. थोडे मोठे झाले की गळ्यात सुतळी, मग दावे, मग साखळी. कोंबड्यांना खुराडे, वासराला खुंटा, तसे कुत्र्याला साखळी, असा आपला सरळ हिशेब. म्हणजे कोंडावे की नाही हा प्रश्न पुण्याहून आलेला नाही. तो आपल्या दारात आधीपासून आहे. फक्त आपण त्याचा कधी विचार करीत नाही.

मी स्वतः तो केला नव्हता, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने दिली. ती हकीगत सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे काळ्या नावाचा कुत्रा होता. दीड महिन्याचा असताना आणला आणि ढेलजेच्या खांबाला बांधला. साखळी दोन हातांची. राखणीचा कुत्रा बांधलेलाच बरा, म्हणजे तापट होतो, असे थोर माणसे सांगत; मलाही ते पटले होते. सकाळी भाकरीचा तुकडा आणि ताक पुढे सरकवायचे, संध्याकाळी तेच. मी शाळेत, घरचे शेतात. दिवसभर रस्त्याने माणसे, गुरे, पोरे जात आणि काळ्या साखळीच्या टोकापर्यंत धाव घेऊन गळफास बसल्यासारखा मागे ओढला जाई. पोरांना त्याची गंमत वाटे. ती दुरून खडे मारीत. कुत्रा खरोखरच तापट झाला. सगळ्यांना वाटले, काय नामी राखण्या आहे!

दोन वर्षांनी एका दुपारी साखळीची कडी निसटली. शेजारचा मुलगा, माझ्याच वर्गातला, तिसरीतला, वही दाखवायला येत होता. काळ्याने त्याची पोटरी फाडली. मुलाला लशीची सगळी इंजेक्शने दिली, तो बरा झाला. त्याच्या वडिलांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मुलगा मात्र पुन्हा आमच्या दारात आला नाही. आम्ही काळ्याला लांबच्या एका आखाड्यावर नेऊन मोकळा सोडला. आठव्या दिवशी तो परत आला आणि त्याच खांबापाशी, साखळी नसताना, बरोबर दोन हातांच्या आत बसून राहिला. मेला तोही तिथेच.

कुत्रा वाईट नव्हता. त्याला माणसे माहीतच नव्हती. त्याला फक्त पाय दिसत, रस्त्याने जाणारे, आणि अंगावर येणारे खडे. पिलाच्या वयाचा तिसरा आठवडा ते साधारण बारावा-चौदावा आठवडा हा काळ फार मोलाचा असतो. या दिवसांत जे पाहिले, हुंगले, ज्याच्या मांडीवर बसले, ते त्याला जन्मभर आपले वाटते. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. तेथेच झालेल्या एका प्रयोगात काही पिले १४ आठवड्यांपर्यंत माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढवली होती. ती पुढे रानटीच राहिली. १९६१ साली हे प्रसिद्ध झाले. मी काळ्याला नेमक्या याच दिवसांत खांबाला बांधून शाळेत मुले शिकवायला जात होतो!

तेव्हा या खेपेला मी ठरवले की पुतण्याचे म्हणणे हसण्यावारी न्यायचे नाही आणि मान डोलावून घ्यायचेही नाही.

पिलाचा एक स्वभाव पिंजऱ्याच्या बाजूने बोलतो. निजायची जागा ते होता होईल तो घाण करीत नाही. आईच्या बिळातली ती सवय असते. म्हणून लहानशी, उबदार, तीन बाजूंनी झाकलेली जागा दिली तर ते तिथे शांत निजते आणि लघवी लागली की कुरकुरते. त्या क्षणी उचलून बाहेर मातीवर नेले, झाल्यावर शाबासकी दिली, की महिना-दीड महिन्यात वळण लागते. पण यातले कष्ट पिलाचे नसतात, आपले असतात. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसा तीन तासांपलीकडे धरवत नाही; तीन महिन्यांच्याला चार. ढोबळ हिशेब असा की जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. त्यापलीकडे कोंडले तर ते नाइलाजाने आपल्याच अंथरुणात घाण करते. एकदा का ती लाज मोडली की पिंजऱ्याचा सारा उपयोग संपला.

म्हणजे सकाळी आठला कोंडून संध्याकाळी पाचला उघडणार असाल तर पिंजरा घेऊच नका. त्याला वळण लावणे म्हणत नाहीत. माझ्या काळ्याची साखळी आणि तो लोखंडी पिंजरा यांत मग फरक उरत नाही.

मी काय केले ते सांगतो. कॅरेट परत दिले. त्याला दारही नव्हते आणि पिलू त्यात पंधरा दिवसच मावले असते. किराणा दुकानातून एक लाकडी खोके आणले, आडवे पाडले, खाली बारदाना आणि त्यावर आईचे जुने लुगडे घातले. पुढे फळीचे दार केले, पण ते उघडे राहील असे बांधून ठेवले. भाकरी त्याच्या आतच देऊ लागलो. रात्री खोके माझ्या बाजेशेजारी. पहिल्या रात्री मोत्या खूप रडला. सौभाग्यवती म्हणाली, "रडू द्या, सवय होईल." मी बाजेवरून हात खाली सोडला. हाताचा वास आला तसा तो निजला. चार रात्री माझा हात मुंग्यांनी भरला, एवढेच. कालपर्यंत आईच्या पोटाशी निजलेले लेकरू आहे ते.

आठवड्याने तो आपण होऊन खोक्यात जाऊ लागला. मग दार लावले, पाच मिनिटे. मग जेवण होईपर्यंत. शिक्षा म्हणून मात्र एकदाही आत घातले नाही. हे नीट लक्षात ठेवा. चप्पल फाडली म्हणून कोंडले की ती जागा त्याला तुरुंग वाटू लागते. आमच्या गल्लीतली एक आजी हे सारे पाहून म्हणाली, "गुर्जी, कुत्र्याला कामून पाळणा करायलाव?" खरे सांगायचे तर त्या शब्दाने माझा निम्मा प्रश्न सुटला. पाळण्यात लेकरू झोपवतात. पाळण्यात दिवसभर टाकून रानात जात नाहीत.

दार लावावे असे प्रसंग खेड्यात आहेतच. सोयाबीनची मळणी चालू असते, ट्रॅक्टर मागे येतो. सावली दिसली की पिलू चाकाखाली जाऊन निजते. अशी चिरडलेली पिले तुम्हीही पाहिली असतील. त्या तासाभरासाठी खोके सोन्याचे. जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे तर खोके सोयीचे. आणि आखाड्यावर, जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे, रात्रीची भक्कम, बंद जागा पिलालाच काय, मोठ्या कुत्र्यालाही हवी. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. राखणीला म्हणून उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले ताट. त्याला पळताही येत नाही.

उन्हाळ्याचे मात्र निराळे. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकून अंग निववते, आणि त्याला हलती हवा लागते. पत्र्याखाली, बंद खोक्यात, पाण्यावाचून दुपारी दार लावणे म्हणजे जीव घेणे. चैत्र लागला तसे मी मोत्याच्या खोक्याचे दारच काढून टाकले.

जातीचाही विचार हवा. लातूरकडचा कारवानी, सीमेपलीकडचा मुधोळ, हे लांब पायांचे, धावण्यासाठी जन्मलेले कुत्रे. मुधोळवर तर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघाले. अशांना रोज मोकळे धावायला मिळणार नसेल तर पिंजरा, साखळी आणि पाळणे हे तिन्ही नकोत.

कायद्याचेही थोडे ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधणे, आणि नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, हे तिन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. रक्कम वाचून हसू येईल. पण मी काळ्याला बांधला तेव्हा या कलमाखाली मी गुन्हेगारच होतो. परदेशातही एकवाक्यता नाही. अमेरिकेत घरोघरी पिंजरे आहेत, तर स्वीडनमध्ये प्रवास, स्पर्धा असे मोजके प्रसंग सोडले तर कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने मनाई आहे. दोन्हीकडे माणसे कुत्र्यांवर माया करतात.

आता गुरुजनांना दोन शब्द. शाळेच्या आवारात दरसाल कुठल्या तरी कुत्रीची वीण होते. मुले पिलांच्या गळ्यात सुतळी बांधून फरपटवतात, दप्तरात कोंबतात. रागावण्यापेक्षा त्यांना काम द्या. पिलांचे डोळे कोणत्या दिवशी उघडले, ते वहीत लिहायला लावा; साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात. खाणाऱ्या कुत्र्याला आणि पिलांपाशी असलेल्या आईला हात लावायचा नाही, हे शिकवा. आणि कुणाला चावलेच तर मिरची, चुना, हळद काही भरायचे नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पाळलेल्या पिलाला तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरसाल. यात मोकळे की बांधलेले असा भेद नाही.

मोत्या आता मोठा झाला. खोके त्याला अपुरे पडते. त्यात सध्या कोंबडी अंड्यांवर बसली आहे. तो ढेलजेत, त्याच खांबापाशी निजतो, पण गळ्यात नुसता पट्टा आहे. रात्री फाटक लावतो, सकाळी त्याला वेशीपर्यंत फिरवून आणतो.

परवा तो शेजारचा मुलगा आला होता. आता मुलगा कसला, मालाचा टेम्पो चालवतो, स्वतःची लेकरे आहेत. बाजार समितीत हळद घालून घरी निघाला होता, माझे एक पोते तेवढे आणून दिले. फाटकाबाहेरूनच त्याने विचारले, "गुर्जी, बांधलंय का?" मी म्हणालो, "नाही रे, पण तो काही करीत नाही." मोत्या फाटकापाशी गेला, त्याचा हात हुंगला आणि शेपटी हलवीत बाजूला बसला. त्याने हात मागे घेतला नाही. पण आतही आला नाही. पाण्याचा तांब्या मी बाहेर नेऊन दिला.