वऱ्हाडांतील काळ्या दगडाचीं देवळें

वऱ्हाडांत वलगांवसारख्या कोणत्याहि गांवीं जुन्या, काळ्या दगडाच्या देवळांचा विषय निघाला, तर तीं कोणी बांधलीं याचें उत्तर ठरलेलें असतें. ‘हेमाडपंतानें’ असें वृद्ध सांगतात आणि तरुण तें मान्य करतात. मोडी लिपि ज्यानें आणली अशी आख्यायिका आहे, त्याच पुरुषाच्या पदरांत लोकांनीं हीं सारीं देवळेंहि टाकलीं आहेत.

हेमाद्रि ही कल्पित व्यक्ति नव्हे. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तो मंत्री होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याच्या नांवावर आहे. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ च्या सुमारास सुरू झाली. आतां अकोल्याजवळील बार्शीटाकळीच्या देवीच्या देवळाकडे पाहावें. तेथील शिलालेखांत शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६ हें वर्ष आहे. कोंकणांत अंबरनाथच्या शिवालयाचा लेख तर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. अर्थात् हेमाद्रीच्या हातीं अधिकार येण्यापूर्वीं पाऊणशें वर्षांहून अधिक काळ वऱ्हाडांत हें काम चाललें होतें.

आणि तें काम साधें नव्हे. चिऱ्यांच्या सांध्यांत चुना नाहीं. घडीव दगड एकमेकांवर इतके नेमके बसविलेले असतात कीं, भिंत आपल्याच भारानें उभी राहते. त्याच शतकांत युरोपांतील पाथरवट चर्चसाठीं टोंकदार कमानी उभारूं लागले होते. येथल्या पाथरवटानें कमानीवांचून छत पेललें. खांबांवर तुळया ठेवून चौकोन करावयाचा, त्याच्या कोंपऱ्यांवर तिरके चिरे टाकून तो आंखूड करावयाचा, आणि थरावर थर आंत सरकवीत शेवटची फट एका शिळेनें झांकावयाची, अशी ती रीत. बार्शीटाकळीचा गाभारा बाहेरून ताऱ्यासारखा कोनाकोनांचा आहे. ऊन फिरतें तशी त्याच्या कडांवरून सावली सरकते.

‘हेमाडपंती’ हें नांव शैलीपुरतें रुळलें आहे. तें टाकण्याचें कारण नाहीं. परंतु त्या नांवाआड कित्येक पिढ्यांचे अनामिक पाथरवट झांकले गेले आहेत. त्यांच्या बाजूनें बोलणारे साक्षीदार दोनच: एक छिन्नीची खूण, दुसरा शिलालेख. देवळाची सेवा म्हणून भक्तिभावानें भिंतीस तैलरंग फासला, सांध्यांत सिमेंट भरलें, कीं हे दोन्ही साक्षीदार मुके होतात. मग हेमाडपंताचें नांव तेवढें राहील, आणि शके १०९८ मात्र रंगाखालीं जाईल.