डोक्यावरची तुळस, गळ्यातली तुळस
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



शंभर वर्षांत आपल्या दिंडीच्या पताका बदलल्या, विणेकरी बदलले. तुळस मात्र तीच. तिच्याविषयी दोन शब्द बोलतो.

तुळस एकटी नाही, तिला बहिणी आहेत. आखाजीच्या उन्हात आपण सरबतात टाकतो तो सब्जा तिची बहीण. बांधावरची रानतुळस दुसरी. लिनिअस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १७५३ साली या प्रजातीची ‘ऑसिमम’ अशी नोंद केली. पुदिनाही याच कुळातला. घरी गेल्यावर तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर, जोडीनं. आणि लवंगेत असतं तेच युजेनॉल हिच्या पानात, म्हणून तो वास.

तुळस काही वर्षंच जगते. खोड लाकडासारखं कठीण होतं. झाड वाळलं की त्याच खोडाचे मणी होतात आणि माळ आपल्या गळ्यात येते. म्हणजे आपण माळ घातली, त्याआधी कुणीतरी तुळस वाढवलेली असते, रोज पाणी घातलेलं असतं.

आता कुठं कुठं डोक्यावर प्लास्टिकची तुळस दिसते. हलकी असते, सुकत नाही, पाणी मागत नाही. मायबाप, पाणी मागत नाही हीच तिची उणीव! मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते तेव्हा खान्देशचं ऊन उतरलेलं नसतं. पुढं महिनाभराची चाल. त्या वाटेवर आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी तुळशीला घालणारी माय, तिची सेवा प्लास्टिकला कशी कळावी?

म्हणून एक मागणं. तुळशीच्या लग्नानंतर वाळलेली मंजिरी चोळून बी ठेवा. पाडव्याला कुंडीत पेरा. बी बारीक असतं, खोल पुरू नका. वर माती नुसती भुरभुरा. आपली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात; तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. रोप वाढलं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. दुपारच्या उन्हात सावली द्या. प्रस्थानापर्यंत डोक्यावर घ्यायला रोप तयार होईल.

आणि जुनं झाड वाळलं तर उकिरड्यावर टाकू नका. खोड जपून ठेवा. पुढच्या पिढीतल्या कुणाची तरी माळ त्यात आहे.

रामकृष्ण हरी!