राज्याचे हित आणि व्यक्तीचे हक्क : तराजू कोणाच्या हाती?

(भिलाई येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यक्तीचे हक्क आणि राज्याचे हित यांचा समतोल हा प्रश्न घटनाशास्त्राच्या ग्रंथांत तराजूच्या रूपाने मांडला जातो. एका पारड्यात स्वातंत्र्य, दुसऱ्यात सुरक्षितता. परंतु तराजू कोणाच्या हाती आहे आणि मापे कोण टाकतो, हे विचारल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

भिलाईच्या कामगाराला हा प्रश्न नवा नाही. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. देशाच्या आर्थिक स्वावलंबनाचा तो एक आधारस्तंभ ठरला आणि श्रमिकांनी त्याचा अभिमान बाळगला. राज्याला खरेखुरे हित असते, हे म्हणूनच नाकारता येत नाही. पण याच कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहऱ्यात जून १९७७ मध्ये खाणकामगारांवर गोळीबार होऊन अकरा माणसे मृत्युमुखी पडली. आणीबाणी उठून तेव्हा पुरते तीन महिनेही लोटले नव्हते. पुढे २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी कामावरून काढलेल्यांना परत घ्या, या मागणीसाठी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार ठार झाले. खाजगी कारखानदारांशी असलेला तंटा त्या दिवशी सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न बनला आणि तराजूत माणसांचे प्राण हलके ठरले.

आता न्यायासनाकडे वळू. घटना अमलात आल्यावर काही महिन्यांतच कॉम्रेड ए. के. गोपालन यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा असला की अनुच्छेद २१ चे समाधान झाले, त्या कायद्याची कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचे कारण नाही, असा बहुमताचा निर्णय १९५० साली झाला. न्यायमूर्ती फजल अली यांनी भिन्न मत नोंदविले. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत आजच्या अनुच्छेद २२ ची तरतूद मांडली, ती अनुच्छेद २१ मध्ये राहिलेली उणीव काही अंशी भरून काढण्यासाठीच.

१९५२ साली मद्रासच्या व्ही. जी. रो खटल्यात मात्र न्यायालयाने एक मोलाची कसोटी सांगितली. निर्बंध वाजवी आहे काय हे ठरविताना हक्काचे स्वरूप, निर्बंधाचा हेतू, ज्या अनिष्टाला आळा घालायचा त्याची व्याप्ती व निकड आणि निर्बंधाचे प्रमाण, हे सारे तपासले पाहिजे. म्हणजे राज्याने ‘हित’ हा शब्द उच्चारला, एवढ्याने पारडे झुकता कामा नये.

ही कसोटी गुंडाळून ठेवली की काय होते, हे २८ एप्रिल १९७६ रोजी दिसले. खटला याच प्रदेशातला, जबलपूरचा. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. एखाद्या अधिकाऱ्याने वैरापोटी कोणाचा प्राण घेतला तरी दाद मागता येणार नाही काय, या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या प्रश्नावर सरकारी बाजूला नकारार्थी उत्तर द्यावे लागले. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढला, आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. दरम्यान ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज केली.

मग प्रश्न सुटला काय? नाही. आता आणीबाणी पुकारण्याची गरजच उरलेली नाही. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ साली घातलेल्या तरतुदीनुसार, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारावा लागतो. भिलाईच्या कामगारांत अनेक वर्षे काम केलेल्या वकील सुधा भारद्वाज २०१८ साली पुण्याच्या खटल्यात अटकेत गेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आल्या; आरोपपत्राला मुदतवाढ देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता, या कारणावरून जामीन मिळाला. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला, खटला मात्र सुरूही झाला नव्हता. दोषसिद्धीआधीच शिक्षा भोगावी लागत असेल, तर तो समतोल नव्हे.

तेव्हा श्रमिक चळवळीची मागणी नेमकी असली पाहिजे. राज्याचे हित म्हणजे त्या वेळच्या सरकारची सोय नव्हे आणि कारखानदाराचा नफा तर नव्हेच. निर्बंधाची निकड सिद्ध करण्याचा भार राज्याने वाहावा. सौम्य उपाय उपलब्ध असताना कठोर उपाय योजू नये. आणि स्वातंत्र्य हिरावल्यावर स्वतंत्र न्यायालयाने त्याची तपासणी वेळेत करावी. गोळीबाराच्या प्रत्येक घटनेत आदेश देणाऱ्याला जाब विचारला जावा. हे हक्क धनिकांना वकिलांकरवी मिळतात; कष्टकऱ्यांना ते संघटनेच्या बळावर, आणि कायदा स्वतः समजून घेऊनच मिळवावे लागतात. प्रत्येक शाखेने मूलभूत हक्कांच्या अभ्यासाचे वर्ग चालवावेत, ते याचसाठी.