आधी खाटा, मग नकाशा



वृद्धाश्रमाच्या पुनर्विकासावर मी बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं, नकाशा घेऊन येईन. मी वही आणली आहे. आमच्या न्यासाच्या घरात राहणाऱ्या 22 जणांची. रात्री कोण किती वेळा उठतं, खाटेपासून संडास किती पावलांवर, उंबरा कोणाला ओलांडवत नाही. आधी ही मोजणी, चटईक्षेत्र नंतर.

घर जांभ्या चिऱ्याचं, मालवण नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या एका गावात, समुद्राला लागून. मे 2021च्या तौक्ते वादळात निम्मी कौलं उडाली. त्यानंतर एक विकासक आला. किनाऱ्याकडची जागा मला द्या, मागे तीन मजले फुकट बांधून देतो, म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला.

मग कागद वाचले. आपला जिल्हा विरळ वस्तीचा. 2011च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 163 माणसं. अशा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत पक्क्या नव्या इमारतीला साधारणपणे परवानगी नाही. अधिकृत जुनं घर दुरुस्त करता येतं, पुन्हा बांधताही येतं. पण जोतं तेवढंच आणि चटईक्षेत्रही तेवढंच. शिवाय सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची, बदलून घ्यायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तर 1950च्या कायद्याच्या कलम 36प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. आम्हा विश्वस्तांच्या सह्यांनी भागत नाही, हे बरंच आहे. जमीन देणाऱ्याने ती म्हाताऱ्यांसाठी दिली होती.

पण मोह उतरला तो कायद्याने नाही. बांधकाम चालू असताना ही माणसं राहणार कुठे, असं मी विचारलं. ‘नातेवाइकांकडे पाठवा,’ विकासक म्हणाला. नातेवाइकांनी ठेवून घेतलं असतं, तर ती इथे आली असती का? 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधारांची सोय सुचवली आहे खरी, पण तिथला शब्द ‘करू शकेल’ असा आहे. त्या शब्दाच्या भरवशावर कोणाची खाट उचलायची?

म्हणून आमची योजना साधी आहे. आधी मागच्या बाजूला, 200 मीटरच्या पलीकडे, रस्त्यालगत बैठ्या खोल्या. काम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात चिरा रचायचा नाही. सगळ्यांना एकदाच हलवायचं. मग जुनं घर त्याच जोत्यावर दुरुस्त करायचं. तिथे स्वयंपाकघर आणि व्यायामाची खोली. ओटी तशीच ठेवायची, रापण ओढताना दिसते तिथून.

नकाशा दाखवला तेव्हा एक खाला म्हणाल्या, ‘वजूला बसायला कट्टा आणि खाली नळ कुठाय?’ शेजारच्या आजी लगेच म्हणाल्या, ‘माका पण व्हयो, पाय धुवूक वाकाक होना नाय.’ आमच्या वास्तुविशारदाने तो काढलाच नव्हता. आता तो प्रत्येक न्हाणीघरात आहे, भिंतीला धरायच्या दांड्यासकट.

पैसे आहेत ते पहिल्या टप्प्यापुरते. दुसऱ्याचे नाहीत, आणि त्यासाठी किनारा गहाण टाकायला माझा विरोध राहील. पुढच्या रविवारी सकाळी मी वही घेऊन ओटीवर बसणार आहे. ज्या विश्वस्तांना अजून तीन मजले हवेत, त्यांनी तिथे यावं आणि त्या 22 जणांसमोर बोलावं.