पासबुकातले 20 रुपये



आपल्या ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांधीत साप चावतो, माणूस झाडावरून पडतो. दुःखात कागद कुणाला आठवतो? पण त्याच्या पासबुकात दरवर्षी 20 रुपये (2022 पूर्वी 12) कापले जात असतील, तर तो बहुधा 2015 चा प्रधानमंत्री सुरक्षा विमा असतो. अपघाती मृत्यूनंतर वारसाला 2 लाख मिळतात. अर्ज त्याच बँकेत, शक्यतो 30 दिवसांत करावा.

अपघातात पोलीस पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. सर्पदंशात दवाखान्याची तात्काळ नोंद पाहतात. मांत्रिकाकडे नेले, तर जीवही जातो आणि नोंदही राहत नाही! दफनाची घाई आपण समजू शकतो. पण कागद त्याआधीच व्हावेत.

मुलांनो, आज घरी वडिलांचे पासबुक वाचून दाखवा. वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, तेही बँकेत विचारायला सांगा.