नोंदीचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 मी विद्वान नव्हे, वक्ता तर नव्हेच. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांच्या ओघात या लखनौ शहरी स्थिरावलो, एवढाच माझा परिचय. माझे सारे आयुष्य कागदपत्रांत गेले. तेव्हा आज कागदाविषयीच बोलावे म्हणतो. मात्र तो कागद माझ्या कचेरीतला नाही, शेजारच्या नेपाळातला आहे.

माझी धाकटी बहीण वकील आहे. २००७ साली ती संयुक्त राष्ट्रसंघाची स्वयंसेविका म्हणून नेपाळला जावयास निघाली, तेव्हा आमच्या घरात मोठाच वाद झाला. वडील हयात नव्हते. वडीलकीच्या नात्याने विरोधाचे काम माझ्याकडे आले आणि ते मी मनापासून केले. आई म्हणाली, “आपल्याकडे दुःख कमी आहे का, की ते परमुलखात शोधायला जावं?” मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न येईल.

त्या वेळची परिस्थिती थोडक्यात सांगतो. नेपाळात १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांचा सशस्त्र उठाव सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी शांतता करार झाला. या दहा वर्षांत तेरा हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि तेराशेहून अधिक बेपत्ता झाली. एप्रिल २००५ मध्ये, युद्ध चालू असतानाच, नेपाळ सरकार आणि राष्ट्रसंघाचे मानवी हक्क उच्चायुक्त यांच्यात करार होऊन तेथे एक क्षेत्रीय कचेरी उघडण्यात आली. काठमांडूबरोबरच बिराटनगर, पोखरा आणि नेपाळगंज येथेही तिचे पथक असे. पगारी अधिकाऱ्यांच्या जोडीला तेथे स्वयंसेवक काम करीत. राष्ट्रसंघाची ही स्वयंसेवक योजना १९७० च्या ठरावाने निर्माण झालेली आहे; तीत वेतन नसते, निर्वाहापुरता भत्ता मिळतो.

बहिणीची नेमणूक नेपाळगंजला झाली. येथून बहराइच, नानपारा, रुपईडीहा आणि सीमा ओलांडली की नेपाळगंज. परदेश म्हणावा तर तो इतका जवळ! २००८ च्या फेब्रुवारीत मी तिला भेटावयास गेलो. खरे सांगावयाचे, तर तिला परत आणावे असाच माझा बेत होता.

तेथे पोहोचल्यावर माझी पहिली निराशा झाली. मला वाटले होते, बहीण मला आपले काम दाखवील. परंतु साक्ष देणारी माणसे आली की ती मला नम्रपणे बाहेर बसावयास सांगे. “दादा, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय, तुझ्यावर नाही,” ती म्हणाली. कोण आले, काय बोलले, यातील एक अक्षरही तिने मला सांगितले नाही. आजतागायत सांगितलेले नाही. कामाची रीत मात्र तिने समजावून दिली. समोरच्या माणसाला प्रथम बसवावयाचे, पाणी द्यावयाचे. आपण कोण, कशासाठी विचारतो, हे सांगावयाचे. सांगितलेले कोठवर जाऊ द्यावे, सरकारपुढे नाव ठेवावे की नाही, हे त्यालाच विचारावयाचे. ऐकलेले दुसऱ्या-तिसऱ्या मार्गाने पडताळून पाहावयाचे. आणि सर्वांत अवघड नियम हा, की वचन द्यावयाचे नाही. “तुमचा माणूस आम्ही शोधून आणू,” हे वाक्य कितीही ओठांवर आले, तरी गिळावयाचे.

नेपाळगंजच्या पश्चिमेला बर्दिया जिल्हा आहे. तेथील थारू समाज शेतीवर जगणारा आणि बहुतांशी भूमिहीन. युद्धकाळात बेपत्ता झालेल्यांची संख्या या जिल्ह्यात सर्वाधिक होती. ज्याचे प्रेतही मिळाले नाही आणि निरोपही आला नाही, त्याच्या पत्नीने कुंकू लावावे की पुसावे? मृत्यूचा दाखला नाही म्हणून जमीन नावावर होत नाही. आणि दाखला मागावा, तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखे होते.

हे बहिणीने सांगितले, तेव्हा मी गप्प झालो. कारण मला माझ्याच टेबलासमोर उभी राहिलेली एक बाई आठवली. पती बेपत्ता झालेला, तिचा अर्ज अपुरा. एक कागद कमी असल्याचा शेरा मारून मी तो परत केला होता. नियमाने माझे काही चुकले नव्हते. परंतु ती उभी होती आणि मी तिला बसावयास सांगितले नव्हते. कोणता कागद, तो कोठे मिळेल, हेही सांगितले नव्हते. ती पुन्हा आली नाही. एवढ्या वर्षांत मी हजारो नोंदी केल्या; एका माणसाची नोंद मात्र राहून गेली.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच परत आलो.

डिसेंबर २००८ मध्ये त्या कचेरीने बर्दियाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १७० बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणांची नोंद आहे. त्यांपैकी १५६ जणांचा ठपका सरकारी दलांवर आणि १४ जणांचा माओवाद्यांवर ठेवलेला आहे. दोन्ही बाजू एकाच मापाने मोजल्या, यातच त्या कामाची प्रतिष्ठा आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तरही मला तेथे सापडले. गावात राहणाऱ्याला कोणती ना कोणती बाजू चिकटलेली असते. परका माणूस कोणाचा भाऊबंद नसतो, म्हणून दोन्ही दारे त्याला उघडतात. आपण मराठी माणसे परप्रांतात राहतो. परकेपणाची खंत आपण नित्य करतो, पण परकेपणाचा असाही उपयोग असतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

तथापि स्वयंसेवकांचा फाजील गौरवही करू नये, असे बहीणच म्हणते. तिची मुदत संपली, ती परत आली. डिसेंबर २०११ मध्ये ती कचेरीही बंद झाली. पण तिच्यासाठी थारू भाषेतून दुभाषाचे काम करणारी माणसे तेथेच राहिली, त्याच गावांत, त्याच शेजाऱ्यांमध्ये. खरा धोका त्यांचा होता. बेपत्ता व्यक्तींच्या चौकशीसाठी नेपाळने २०१५ मध्ये आयोग नेमला. तरीही कित्येक घरांना अद्याप उत्तर मिळालेले नाही. मग या साऱ्याचे फलित काय, असे कोणी विचारील. फलित इतकेच, की असा माणूस नव्हताच, असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही.

बंधुभगिनींनो, उद्या आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी अशा कामासाठी निघाली, तर त्यांना अडवू नका, एवढीच माझी विनंती आहे. काळजी करावी, ती आपला हक्कच आहे. पण वाट सोडावी. आणि ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी आपल्या टेबलासमोर आलेल्या माणसाला बसावयास सांगावे. नेपाळगंजहून परतल्यानंतर माझ्या टेबलासमोर मी एक जादा खुर्ची मागवून घेतली. ती आजही तेथे आहे.